मेलेल्या पाखरांची मोजदाद



तालुक्याच्या कचेरीजवळ पर्जन्यमापक बसवलेला असतो, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पावसाळ्यात रोज सकाळी ठरल्या वेळी तिथला माणूस जातो, भांड्यातले पाणी मोजतो आणि वहीत आकडा टाकतो. हल्ली कित्येक ठिकाणी हे काम यंत्रच करते, तो भाग वेगळा. पाऊस पडला नसेल त्या दिवशीही तो वही कोरी ठेवत नाही, शून्य लिहितो. आणि यंदा अवर्षण आहे की नाही असा वाद उभा राहिला, म्हणजे त्या शून्यांनाच किंमत येते. आज मी जो इतिहास सांगणार आहे तो अशाच शून्ये लिहिणाऱ्या माणसांचा आहे. फरक इतकाच, की त्यांनी पाऊस मोजला नाही. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली मेलेली पाखरे मोजली.

ऐकायला हे जरा चमत्कारिक वाटेल. मेलेले पाखरू दिसले तर माणूस नाकाला पदर किंवा रुमाल लावून पुढे जातो. मोजत कोण बसतो? पण जरा विचार करा. समुद्र एवढा अफाट. त्याच्या पोटात काय चालले आहे हे जमिनीवरच्या माणसाला कळायचे कसे? कोळ्याला कळते, पण तो जिथे जाळे टाकतो तेवढ्यापुरते. शास्त्रज्ञांची जहाजे हिंडतात, पण ती थोडी आणि त्यांचा खर्च फार. पाखरे मात्र सगळीकडे हिंडतात. समुद्रपक्षी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बंदरावर घिरट्या घालणारा कुरव येतो. तो अर्धा जमिनीचाच. खरे समुद्रपक्षी निराळे. ते महिनोन्‌महिने जमीन पाहत नाहीत. तिथेच खातात, तिथेच लाटांवर विसावतात, आणि अंडी घालण्यापुरते एखाद्या कड्यावर किंवा बेटावर येतात. असा पक्षी मेला, आणि वारा व प्रवाह किनाऱ्याच्या दिशेने असले, तर तो तरंगत तरंगत वाळूवर येऊन लागतो. येताना पिसांवर, पोटात आणि चरबीत तो समुद्राची खबर घेऊन येतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसे.

आपल्या कोकणपट्टीला हे दृश्य अगदी अनोळखी नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा पिसाटला, म्हणजे एरवी खोल दर्यावर राहणारा बूबीसारखा एखादा पक्षी किंवा काळ्या पाठीचा सुरय थकूनभागून आपल्या किनाऱ्यावर येऊन पडतो. कुणी त्याला उचलून घरी आणतात, मासळी खाऊ घालायचा प्रयत्न करतात. कधी तो जगतो, पुष्कळदा जगत नाही. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात अशा भरकटलेल्या पाखरांच्या टिपणांची परंपरा जुनी आहे. त्याच दिवसांत कोकणच्या आणि गोव्याच्या वाळूवर डांबराच्या गोळ्या येऊन पडतात, पायाला चिकटतात, रॉकेलने पुसाव्या लागतात. तेही समुद्रात सांडलेल्या तेलाचेच अवशेष. म्हणजे खबर आपल्याकडेही येते. पण ज्याला सापडले त्याने लिहून कळवले, असे त्या टिपणांचे स्वरूप असते. किती माणसे किती मैल चालली आणि त्यांना काहीच सापडले नाही, ही नोंद त्यांत नसते. हा मुद्दा मनात ठेवा. सगळी कथा त्याच्याभोवती फिरते.

कथेची सुरुवात तेलापासून होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत आगबोटी कोळशावर चालत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आधी आरमारे आणि मागाहून व्यापारी जहाजे तेलाकडे वळली. तेल वाहून नेणारी जहाजे माल उतरवल्यावर रिकाम्या टाक्या समुद्राच्या पाण्याने विसळीत आणि ते तेलकट पाणी वाटेत कुठेतरी सोडून देत. यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. समुद्र मोठा आहे, सामावून घेईल, अशी समजूत होती. मग ब्रिटनच्या किनाऱ्यावर काळी चिकट पाखरे दिसू लागली.

तेलाने पाखरू का मरते, हे आधी समजून घेतले पाहिजे. पाखराची पिसे म्हणजे त्याचे घोंगडे आणि इरले दोन्ही. पिसांची वीण इतकी दाट असते की बर्फगार पाण्यात बुडूनही आतले अंग कोरडे आणि उबदार राहते. तेलाचा डाग पडला की वीण मोडते आणि पाणी थेट कातडीला भिडते. पाखरू चोचीने पिसे साफ करू लागते. तेल पोटात जाते. अंग गारठलेले, पोटात विष, आणि बुडी मारून मासा धरायची ताकद उरलेली नाही. रुपयाएवढा डागसुद्धा कधी कधी पुरतो.

ब्रिटनने १९२२ साली आपल्या हद्दीतल्या पाण्यापुरता कायदा केला, अमेरिकेने १९२४ साली केला. १९२६ साली वॉशिंग्टनला परिषद भरली, मसुदाही तयार झाला, पण अमलात काही आला नाही. कायदा हद्दीपुरता आणि तेल तर हद्द पाहून वाहत नाही! हद्दीबाहेर सोडलेले तेल वाऱ्याने किनाऱ्यावर येतच राहिले. मग दुसरे महायुद्ध आले आणि विषय मागे पडला. युद्धानंतर, १९५२ साली, ब्रिटनमध्ये समुद्रातील तेलाच्या प्रश्नासाठी एक सल्लागार समिती उभी राहिली. तिच्या मागे जेम्स कॅलहॅन हे पार्लमेंटचे सभासद होते, जे पुढे पंतप्रधान झाले. आणि चिटणिसाचे काम फिलिस बार्क्ले-स्मिथ या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी पाहिले. पाखरांच्या बाजूने राष्ट्राराष्ट्रांची दारे ठोठावण्यात या बाईंनी आयुष्य घालवले. १९५४ साली लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला. किनाऱ्यापासून सर्वसाधारणपणे पन्नास मैलांच्या आत तेल किंवा तेलकट पाणी सोडू नये, असे ठरले. समुद्राच्या प्रदूषणाविषयी जगाने केलेल्या पहिल्या करारांपैकी हा एक. त्याच्या मुळाशी किनाऱ्यावर पडलेली काळी पाखरे होती, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

पण पन्नास मैलांवर पहारा ठेवणार कोण? आणि करारामुळे फरक पडला की नाही, हे सांगणार कोण? ‘परवा फार पाखरे दिसली हो,’ असे कुणी म्हटले तर त्यावर जहाजवाले म्हणणार, परवा वारा तसा होता. आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटेही नव्हे.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, पक्षिनिरीक्षकांच्या संघटनेने १९५१ पासून किनाऱ्यावरच्या फेऱ्यांची व्यवस्था सुरू केली. त्यांना तेलाशी मुख्य कर्तव्य नव्हते. त्यांचा देश समुद्राने वेढलेला. दक्षिणेकडच्या वादळी सागरात कोणकोणते पक्षी राहतात, ते केव्हा येतात, केव्हा जातात, हे जिवंतपणी पाहणे कठीण, म्हणून मेलेल्यांवरून शोधायचे. शिक्षक, शेतकरी, घरसंसार सांभाळणाऱ्या बाया, पेन्शनर मंडळी ठरलेल्या किनाऱ्यावर चालत आणि ठरलेल्या कागदावर लिहीत: कोणता किनारा, कोणता महिना, किती अंतर, कोणती पाखरे. अंतर लिहायचे, ही साधी सूचना. पण इतिहास इथे वळला असे माझे मत आहे. कारण अंतर लिहिले की ‘फार’ या शब्दाची गरज संपते. मैलामागे किती, हे सांगता येते. पुढे जुलै २०११ मध्ये वादळाने प्रायन जातीच्या लहान समुद्रपक्ष्यांचा असा संहार झाला की मेलेल्यांचा अंदाज अडीच लाखांवर गेला. तो संहार नेहमीपेक्षा किती मोठा हे तिथल्या लोकांना सांगता आले, कारण ‘नेहमी’ म्हणजे किती हे त्यांच्याजवळ साठ वर्षांचे लिहिलेले होते.

आता पुन्हा ब्रिटनकडे येऊ. १८ मार्च १९६७ या दिवशी ‘टॉरी कॅनियन’ नावाचे प्रचंड तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या खडकांवर चढले. त्यात सुमारे एक लाख एकोणीस हजार टन कच्चे तेल होते. तेल जाळून टाकावे म्हणून सरकारने शेवटी विमानांतून बॉम्बसुद्धा टाकले. तेल विरघळावे म्हणून किनाऱ्यावर हजारो टन साबणासारखी रसायने ओतली, आणि कालवे, शिंपले, खेकडे यांना तेलापेक्षा त्या रसायनांनीच अधिक मारले. हजारो पाखरे लोकांनी धुतली. त्यांतली वाचली फार थोडी. दूरचित्रवाणीवर हे सगळ्या जगाने पाहिले.

परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती दोन वर्षांनंतरची, कमी गाजलेली घटना. १९६९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या समुद्राच्या किनाऱ्यांवर मेलेली पाखरे येऊ लागली. बारा हजारांहून अधिक मोजली गेली. बहुतेक गिलेमॉट. या पक्ष्याची ओळख करून देतो, कारण तो पुढेही भेटणार आहे. पाठ गडद, पोट पांढरे. कड्यावर उभा राहिला की दुरून पेंग्विनच वाटतो. वजन किलोभर. घरटे बांधण्याची उठाठेव नाही. उघड्या कातळावर एकच अंडे. पंख आखूड, म्हणून उडताना धावपळ फार. पण पाण्याखाली तेच पंख वल्ह्यासारखे चालतात आणि तो शंभर-दीडशे मीटर खोल जाऊन मासा आणतो.

तर या बारा हजारांतल्या बहुतेकांच्या अंगावर तेल नव्हतेच. मग मेली कशाने? चिरून पाहिले तर अंगावर चरबीचा लवलेश नाही. पाखरे उपाशी होती. त्यांची पिसे गळण्याचा काळ होता, म्हणजे उडता येत नव्हते. त्यातच वादळे झाली होती. एवढ्यावर पंचनामा संपला असता. पण यकृतांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा कित्येकांत पीसीबी नावाच्या रसायनांचे प्रमाण फार मोठे निघाले. ही माणसाने बनवलेली तेलकट रसायने. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, रंगांत, अशा कितीतरी ठिकाणी ती तेव्हा वापरीत. सोरेन येन्सेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने तीनच वर्षांपूर्वी, १९६६ साली, ती रसायने प्राण्यांच्या अंगात साठतात हे दाखवले होते. ती चरबीत जाऊन बसतात. पाखरू धष्टपुष्ट असेपर्यंत चरबीच्या कोठारात ती बंद. उपासमार झाली, चरबी जळू लागली, की कोठाराचे दार उघडते आणि विष रक्तात उतरते. तपास करणाऱ्यांनी याच रसायनाने पाखरे मेली असा निकाल दिला नाही. उपास, पिसे गळणे, वादळ आणि विष यांपैकी कुणाच्या वाट्याला किती दोष, हे वेगळे करता येत नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. पुढे १९७३ साली औद्योगिक राष्ट्रांच्या संघटनेने या रसायनांच्या वापरावर निर्बंध घातले आणि २००१ च्या स्टॉकहोम कराराने ती जगभर बंद करण्याचे ठरवले.

या घटनांनंतर ब्रिटनमध्ये आणि उत्तर समुद्राभोवतालच्या देशांत हिवाळ्याच्या अखेरीस किनारे चालून मोजण्याची वार्षिक प्रथा पक्की झाली. तिथे एक युक्ती निघाली. शिक्षकमंडळींना ती विशेष आवडेल. किनाऱ्यावर एकूण किती पाखरे आली हा आकडा फसवा असतो. समुद्राकडून वारा आला तर जास्त, जमिनीकडून गेला तर कमी. मग एकूण आकडा सोडून द्या. सापडलेल्या शंभर गिलेमॉटांत तेल लागलेले किती, एवढेच पाहा. वारा तेलकट पाखराला वेगळा आणि स्वच्छ पाखराला वेगळा वाहत नाही. म्हणजे टक्केवारी काढली की जहाजवाल्यांचे ‘वारा तसा होता’ हे उत्तर निकालात निघाले. शाळेत मुलांना रडवणारी टक्केवारी इथे अशी कामाला आली! ईशान्य अटलांटिकच्या राष्ट्रांनी पुढे हेच माप अधिकृत ठरवले: किनाऱ्यावर सापडलेल्या गिलेमॉटांपैकी तेल लागलेले शंभरात दहांहून अधिक असू नयेत. १९७३ चा नवा आंतरराष्ट्रीय करार १९८३ पासून अमलात आला, टाक्या धुण्याचे नियम कडक झाले, आकाशातून पाहणी सुरू झाली, आणि उत्तर समुद्राच्या किनाऱ्यांवर हे प्रमाण दशकामागून दशक उतरत गेले. कायद्याचा गुण आला की नाही, हे कुठल्या मंत्र्याच्या भाषणावरून ठरले नाही. रबरी बूट घालून थंडीत हिंडणाऱ्या माणसांच्या कागदांवरून ठरले.

तेल कमी होत होते आणि दुसरे संकट पोटात शिरत होते. नेदरलँड्‌समध्ये यान व्हान फ्रानेकर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभापासून किनाऱ्यावर सापडलेल्या फुल्मर पक्ष्यांची पोटे उघडून पाहिली. फुल्मर पाण्याच्या पृष्ठभागावरचे खाद्य टिपतो, आणि कुरव जसा न पचलेले ओकून टाकतो तसा हा सहसा टाकीत नाही. म्हणून त्याच्या पोटात गेलेले प्लॅस्टिक तिथे बराच काळ राहते. उत्तर समुद्रात सापडलेल्या फुल्मरांपैकी शंभरात सुमारे पंचाण्णवांच्या पोटात प्लॅस्टिक निघाले. पिशव्यांचे तुकडे, दोऱ्या, बाटल्यांच्या टोपणांचे तुकडे, आणि कारखान्यांत वितळवून वस्तू करण्यासाठी जे बारीक दाणे नेतात ते. या दाण्यांचे प्रमाण १९८० नंतर बरेच घटलेले आढळले, कारण ते सांडणे थांबले तर कारखान्याचाच फायदा होता. लोकांनी फेकलेल्या वस्तूंचे तुकडे मात्र तसे घटले नाहीत. इथेही राष्ट्रांनी मर्यादा घातली: ०.१ ग्रॅमहून अधिक प्लॅस्टिक असलेले फुल्मर शंभरात दहांहून कमी असावेत. ती मर्यादा अजून लांबच आहे.

आता मी तुम्हांला पॅसिफिक महासागराच्या ईशान्य कडेला घेऊन जातो. अमेरिकेच्या नकाशात पश्चिम किनाऱ्याने वर वर सरकत गेलात, कॅनडा ओलांडलात, की अगदी वायव्येला अलास्का लागतो. तिथे २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे जहाज खडकावर आपटले आणि निर्मळ खाडीत तेल पसरले. सुमारे पस्तीस हजार मेलेली पाखरे गोळा झाली. पण सगळी मेलेली पाखरे काही किनाऱ्यावर येत नाहीत. कित्येक बुडतात, कित्येक गरुड-कोल्हे खातात, कित्येक वाळूत गाडली जातात. खरा आकडा अडीच लाखांच्या घरात असावा, असा अंदाज पुढे केला गेला. हा अंदाज करणाऱ्यांत जॉन पियाट नावाचे शास्त्रज्ञ होते. परंतु अपघातापूर्वी, साध्यासुध्या महिन्यांत, त्या किनाऱ्यांवर किती पाखरे मरून पडत, हे कुठे लिहिलेले होते? जवळजवळ कुठेच नाही. हजेरीपटच नसेल तर गैरहजर किती हे मास्तर सांगणार कसे?

ही उणीव डोळ्यांसमोर ठेवून सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्राध्यापिका ज्यूलिया पॅरिश यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस किनारा पाहणाऱ्या स्वयंसेवकांचा एक संघ उभा केला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की ‘कोस्ट’ असा उच्चार होतो, म्हणजे किनारा. आरंभी माणसे आणि किनारे मोजकेच होते. पुढे कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून अलास्कापर्यंत शेकडो किनाऱ्यांवर शेकडो माणसे चालू लागली.

त्यांची काम करण्याची रीत सांगण्यासारखी आहे. प्रत्येकाला एक किनारा वाटून दिलेला. महिन्यातून निदान एकदा, ओहोटी पाहून, जोडीने जायचे आणि ठरलेला सगळा पट्टा चालायचा. भरतीने आणून टाकलेल्या काडीकचऱ्याच्या ओळीत नजर ठेवायची. पाखरू सापडले की ओळखायचे, पण रंगावरून नव्हे. रंग कुजतो, डोके कधी नसतेच. म्हणून पायापासून सुरुवात. बोटांमध्ये पडदा आहे का? बोटे तीन की चार? पाय सहसा शेवटपर्यंत टिकतो. त्यानंतर चोच, नडगी आणि पंख यांची लांबी पट्टीने मोजायची. शेजारी लहानशी पाटी ठेवायची, तिच्यावर खडूने तारीख आणि क्रमांक लिहायचा आणि फोटो काढायचा. (पाटी-खडू आपल्या शाळांतून जवळजवळ गेले, तिथे ते अशा कामी आले.) मग पाखराला ठरावीक रंगांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधायच्या आणि ते तिथेच सोडून द्यायचे. पुढच्या महिन्यात तेच पाखरू पुन्हा दिसले तर रंगांवरून ओळख पटते, दोनदा मोजले जात नाही. शिवाय एक मढे किनाऱ्यावर किती दिवस टिकते हेही समजते. आणि काहीही सापडले नाही तर? तर तसे लिहून पाठवायचे. चाललो, अमुक अंतर, पाखरे शून्य.

नवा माणूस हौसेने येतो. त्याला वाटते आपल्याला काहीतरी विलक्षण सापडेल. सापडते काय, तर पाऊस, धुके, ओले लाकूड आणि शून्य. पुढच्या महिन्यातही शून्य. अशा वेळी माणसाला वाटते की आपण उगीच पायपीट करतो आहोत. स्वयंसेवकांचे कोणतेही काम चालवणाऱ्याला ठाऊक असते, की मोठ्या संकटात माणसे जमवायला कष्ट पडत नाहीत. संकट नसताना त्यांना टिकवून धरणे हे खरे काम. पॅरिशबाईंची थोरवी मला या दुसऱ्या कामात दिसते.

या शून्यांची किंमत २०१४ नंतर कळली. ईशान्य पॅसिफिकमध्ये समुद्राचे पाणी तापू लागले. जमिनीवर उन्हाळ्यात उष्णतेची लाट येते तशी समुद्रातही येते, पण ही दोन-तीन वर्षे हटली नाही. काही भागांत पाणी नेहमीपेक्षा तीन अंश सेल्सियसने किंवा त्याहूनही अधिक गरम होते. आधी बळी पडली कॅसिन्स ऑक्लेट ही मुठीत मावणारी लहान पाखरे. ती समुद्रातल्या बारीक जिवांवर जगतात. २०१४-१५ च्या हिवाळ्यात ती लाखांनी मेली. त्यानंतर पाळी आली गिलेमॉटांची. अमेरिकेत यांनाच मर म्हणतात.

२०१५ च्या उन्हाळ्यापासून २०१६ च्या वसंतापर्यंत कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत सुमारे बासष्ट हजार मेलेली किंवा मरायला टेकलेली मर किनाऱ्याला लागली. २०१६ सालच्या आरंभी अलास्कातल्या व्हिटियर गावाजवळच्या एकाच किनाऱ्यावर ती हजारोंनी पडली होती. अंगाला तेल नाही, रोगाची खूण नाही. पोटे रिकामी आणि छातीचे मांस झडलेले. मर पक्ष्याला रोज आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास अन्न लागते; तीन ते पाच दिवस उपास घडला की तो संपतो. किलोभराचा जीव, आणि शिल्लक काही नाही. हातावर पोट म्हणतात ते हेच.

मग एवढ्या मोठ्या समुद्रात मासे गेले कुठे? पियाट, पॅरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली याचे उत्तर मांडले. पाणी तापले की थंड रक्ताच्या जिवांची भूक वाढते. मोठे शिकारी मासे नेहमीपेक्षा कितीतरी अधिक खाऊ लागले. त्याच वेळी लहान मासे ज्या बारीक जिवांवर पोसतात ते निकस झाले, म्हणून लहान मासे थोडे आणि तेही किडकिडीत. म्हणजे दुष्काळात गावात दाणा कमी आणि खाणारी तोंडे वाढलेली, अशी गत झाली. किनाऱ्यावर आलेल्या बासष्ट हजारांवरून एकूण मेलेल्यांचा अंदाज त्यांनी पाच ते बारा लाख असा केला. हा अंदाज हवेतून आला नव्हता. नेहमीच्या वर्षी त्या त्या महिन्यात किलोमीटरमागे किती पाखरे सापडतात, हे आधीच्या वर्षांच्या कागदांवर होते, आणि त्या कागदांवर बहुतांशी लहान आकडे आणि शून्येच होती. ती नसती तर ‘यंदा पाखरे जरा जास्त दिसली’ एवढेच म्हणता आले असते. पियाट यांच्या हाती १९८९ साली जे नव्हते, ते सव्वीस वर्षांनी या माणसांनी करून ठेवले होते.

हे केवळ शहरी हौशी लोकांचे काम नव्हे, हेही सांगितले पाहिजे. बेरिंग समुद्रात सेंट पॉल नावाचे एकाकी बेट आहे. तिथे अल्यूट लोकांची वस्ती; समुद्र हेच त्यांचे शेत. २०१६-१७ च्या हिवाळ्यात त्या बेटावर रंगीत चोचीचे पफिन मरून येऊ लागले. गावच्या लोकांनीच किनारे चालून साडेतीनशेच्या वर पाखरे गोळा केली आणि नोंदली. त्या महिन्यांत पफिन बेटाजवळ असायलाच नको होते. पाखरे अवेळी आहेत, हे कुणा पाहुण्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले असते की नाही कोण जाणे. बेटावरच्या माणसाला ते तत्काळ कळले.

वाचणाऱ्याच्या मनात इथे एक शंका यावी, आणि ती रास्त आहे. २०१६ नंतर एखाद्या किनाऱ्यावर मर कमी सापडू लागली, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? समुद्र सुधारला, की मरायला पाखरेच उरली नाहीत? किनाऱ्यावरचे शून्य या दोहोंपैकी काहीही सांगत असेल. त्यासाठी जिवंत पाखरांची मोजणी लागते, आणि ती अंडी घालण्याच्या कड्यांवरच होऊ शकते. अलास्कात अशा तेरा वसाहती २००८ पासून २०२२ पर्यंत मोजल्या गेल्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधीची आणि नंतरची वर्षे शेजारी ठेवली तेव्हा दिसले, की कुठे निम्मी तर कुठे तीन-चतुर्थांश पाखरे गेली होती. अलास्काच्या सगळ्या मर पक्ष्यांचा हिशेब मांडता गेलेल्यांची संख्या सुमारे चाळीस लाख भरली. बारा लाखांचा जुना अंदाज, जो ऐकून कित्येकांनी भुवया उंचावल्या होत्या, तो अपुरा ठरला. उष्णतेची लाट ओसरून सहा-सात वर्षे झाली होती, आणि त्या तेरा कड्यांवर संख्या पुन्हा वाढू लागल्याची खूण मोजणाऱ्यांना दिसली नव्हती.